सहीच्या आधी पुस्तक

४ जानेवारी

कपाट रिकामं करून माझ्या संग्रहातली मुलांची सगळी सचित्र पुस्तकं टेबलावर मांडली. ३४ भरली. माझ्या डोक्यात आकडा ३६ चा होता. दोन कुणाला वाचायला दिली की पहिल्यापासूनच मोजायला चुकत आलो, आता कळायला मार्ग नाही. यातली ११ लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या सहीची. निदान येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तसं सांगत आलोय.

भाची फोटो काढायला आली आहे. तिसऱ्याच पुस्तकाला तिनं विचारलं, "मामा, ही सही खरी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"ज्यानं विकलं त्यानं."

ती पुढे काही बोलली नाही. कॅमेरा मात्र खाली ठेवला.

तेव्हा फोटोंचं काम मागे पडलं आणि तपासणीचं सुरू झालं. प्रत्येक पुस्तकाला नोंदवहीत दोन पानं. क्रम ठरवून टाकला: आधी मुद्रण कोणतं, मग चित्रं पुरी आहेत का, मग जॅकेट, म्हणजे बांधणीवरचं सुटं कागदी आवरण, मग पुस्तक कुणाकडून कसं आलं, आणि सही सगळ्यात शेवटी. सही आधी पाहिली की माणूस हुरळतो, मग पुढ्यातलंही दिसत नाही. गेली वीस वर्षं माझं तेच झालंय. शेवटचा रकाना 'शंका'. भाचीच्या हट्टामुळे तोच सगळ्यात रुंद आखलाय.

७ जानेवारी

हत्यारं जमवली. दहापट मोठं दाखवणारं भिंग, बारीक झोताची टॉर्च, अतिनील दिवा, फूटपट्टी, मऊ शिसपेन्सिल. टेबलाच्या आसपास शाईचं पेन आणायचं नाही, पाण्याचा पेलाही नाही.

हातमोज्यांवरून थोडा वाद झाला. भाचीनं पांढरे सुती मोजे आणले होते. सुती मोज्यात बोटांना पानाची कड कळत नाही, आणि जुनं पान नेमकं कडेलाच फाटतं. साबणानं धुतलेले आणि पुरते कोरडे केलेले हात बरे. मोजे आता भिंग पुसायला.

११ जानेवारी

पहिला मान चित्रकार रॅकहॅमला. १९०६ चं 'पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स', ५०० प्रतींची सहीची आवृत्ती. व्हेलमची, म्हणजे वासराच्या ताणून वाळवलेल्या कातड्याची बांधणी, आणि प्रतीचा क्रमांक हातानं घातलेला. रेशमी बंद तुटलेत. बहुतेक प्रतींचे तुटलेलेच असतात.

रंगीत चित्रं ५० हवीत. मी मोजली, ४९. पुन्हा मोजली, ४९. भाचीनं मोजली, ४९. पोटात खड्डा पडला. अशा पुस्तकांतून एखादं चित्र अलगद काढून, चौकट करून भिंतीवर लावायचा उद्योग शंभर वर्षं चालू आहे. ते सोपंही असतं, कारण चित्र पुस्तकात शिवलेलं नसतंच. तेव्हाच्या तीन रंगांच्या ठिपका-छपाईला गुळगुळीत, मातीचा लेप दिलेला कागद लागायचा. मजकुराचा कागद जाड आणि खरखरीत. त्यावर ती छपाई बसत नसे. मग चित्रं वेगळी छापून तपकिरी जाड कागदावर नुसत्या एका कडेला गोंद लावून चिकटवायची आणि वर पातळ कागदाचं पान. ती कड सुटली की चित्र हातात.

एक रिकामं तपकिरी पान सापडेल म्हणून अर्धा तास शोधत होतो. सगळ्या पानांवर चित्रं होती. शेवटी भाचीनं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं आणि शीर्षकपानासमोरचं चित्र माझ्यासमोर धरलं. या पुस्तकात एक चित्र पुढे आणि बाकीची ४९ मजकूर संपल्यावर एकत्र, मागे. आम्ही तिन्ही वेळा फक्त मागची मोजली होती. ५० पुरी. 'शंका' रकान्यात तिनं लिहिलं: मामाच्या मोजणीबद्दल.

सहीबद्दल इथे फारसं भांडण नाही. प्रकाशकानं ही आवृत्ती काढलीच सहीसाठी; प्रतींची संख्या सांगणाऱ्या पानावर सहीची जागा छापतानाच सोडलेली. लेखक मिल्न आणि चित्रकार शेपर्ड यांचं 'विनी-द-पू' १९२६ मध्ये निघालं तेव्हाही हातकागदावरच्या ३५० प्रती दोघांच्या सहीनं काढल्या होत्या. अशा पुस्तकात सही पुस्तकाबरोबरच जन्मते, तिला वेगळा दाखला लागत नाही. पण मर्यादित आवृत्ती म्हणजे सहीची आवृत्ती असं धरून चालायचं नाही. रॅकहॅमच्याच १९०७ च्या 'अ‍ॅलिस'ची मर्यादित आवृत्ती ११३० प्रतींची आहे आणि ती बिनसहीची निघाली. तिच्यावर सही दिसली तर ती नंतर कुणीतरी मागून घेतलेली असणार, किंवा दुसऱ्याच कुणी केलेली.

१९ जानेवारी

माझीच चूक, लिहून ठेवतो.

कसर लागू नये म्हणून महिन्यापूर्वी कपाटात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या टाकल्या होत्या. दोन पुरल्या असत्या, मी नऊ टाकल्या. आज रॅकहॅम उचलला तर पुढचं पुठ्ठं धनुष्यासारखं बाहेर वळलेलं. आर्द्रतामापक ठेवला, ३१ टक्के. व्हेलम मेल्यावरही कातडंच राहतं, हवा कोरडी झाली की ते आक्रसतं आणि खालच्या पुठ्ठ्याला ओढून घेतं. कापडी बांधणीच्या शेजाऱ्यांना काही झालेलं नाही.

सात पुड्या काढल्या. वजन ठेवून पुठ्ठं एका दिवसात सरळ करायचा मोह झाला होता. तसं केलं असतं तर सांधा तडकला असता. आधी हवा सुधारायची, मग हलका दाब, तोही आठवड्याआठवड्यानं. मापक आता कपाटातच राहील. पन्नासच्या अलीकडे-पलीकडे ठेवायचं ठरलं.

२ फेब्रुवारी

रॅकहॅमचं दुसरं पुस्तक, साधी आवृत्ती, पोस्तानीवर, म्हणजे पुठ्ठ्यालगतच्या आतल्या पानावर, शुभेच्छा आणि सही. हे मी मोठ्या हौसेनं मिरवलंय. सहीचं वळण पहिल्या पुस्तकातल्या सहीशी जुळतं. अगदी छान जुळतं.

भिंग लावलं. रेघेच्या मधोमध फिकट पट्टा आणि दोन्ही कडांना शाई गडद. गोल वळण संपतं तिथे शाईचा बारीक गोळा. टॉर्च आडवी धरली तर रेघेची खाच दिसते, पानाच्या मागे बोटालाही लागते. हे बॉलपेन आहे. टाकाच्या निबाच्या रेघेत दाबाबरोबर जाडी बदलते आणि शाई कागदात पसरते. इथे जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच.

बॉलपेन न्यूयॉर्कच्या दुकानात पहिल्यांदा विकायला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. रॅकहॅम गेले सप्टेंबर १९३९ मध्ये. म्हणजे सही करायला ते सहा वर्षांनी परत आले असं तरी मानावं लागेल.

वाईट याचं वाटलं की हे कळायला भिंगाचीही गरज नव्हती. निळी, चकचकीत रेघ नुसत्या डोळ्यांना दिसत होती. मी फक्त वळण पाहत बसलो, आणि नक्कल करणारा माणूस नेमकं वळणच तर गिरवतो.

सही खोडायची नाही, पान फाडायचं नाही. आतल्या बाजूला पेन्सिलीनं 'सही नकली' एवढंच लिहिलं, तारीख घातली. उद्या मी नसताना हे पुस्तक दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडू नये. विकणाऱ्याला कळवलं. त्याचं म्हणणं, त्यानंही ते तसंच घेतलं होतं. असेलही.

११ चे १० झाले.

१५ फेब्रुवारी

आज सही नसलेल्या पुस्तकावर दिवस गेला आणि त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

'थ्रू द लुकिंग-ग्लास', लुईस कॅरल यांच्या 'अ‍ॅलिस'चा पुढचा भाग, शीर्षकपानावर १८७२. प्रत्यक्षात पुस्तक डिसेंबर १८७१ मध्येच बाहेर आलं होतं. नाताळाच्या बाजारासाठी काढलेल्या पुस्तकावर पुढचं साल घालायची तेव्हा रीतच होती. पान २१ काढलं. 'जॅबरवॉकी' या प्रसिद्ध निरर्थक कवितेच्या पहिल्या कडव्यात 'वेब' असा शब्द हवा, तिथे छापलंय 'वेड'. जुळाऱ्याचा एक खिळा चुकला आणि पहिल्या मुद्रणाची खूण कायमची राहिली. जो शब्द मुळात कुठल्याच कोशात नव्हता त्याची मुद्रणचूक कुणाच्या ध्यानात आली असेल, याचा विचार करत बसलो.

भाचीला १८६५ च्या 'अ‍ॅलिस'ची गोष्ट सांगितली. २००० प्रती छापून झाल्या होत्या, लुईस कॅरलनी ओळखीपाळखीत वाटायलाही सुरुवात केली होती. तेवढ्यात चित्रकार जॉन टेनियलनी चित्रांच्या छपाईबद्दल नापसंती कळवली. टेनियल काढायचे ती रेघ डॅल्झिएल बंधूंच्या कारखान्यात लाकडाच्या ठोकळ्यावर कोरली जायची आणि त्यावरून केलेल्या धातूच्या साच्यावर छापली जायची. छापखान्यात शाई आणि दाब बिघडला की ती सगळी बारीक जाळी एक तर भरून जाते, नाही तर पुसट होते. कॅरलनी सगळी छपाई रद्द केली, वाटलेल्या प्रती लोकांकडून परत मागवल्या आणि पुस्तक नव्या छापखान्यात पुन्हा छापून घेतलं. त्याच्यावर साल पडलं १८६६. रद्द झालेले छापील कागद अमेरिकेतल्या प्रकाशकाला विकले. तिथे ते नवं शीर्षकपान लावून खपले. परत आलेल्या प्रतींपैकी काही मुलांच्या इस्पितळांना दिल्या गेल्या. त्या पहिल्या छपाईच्या आज जगात सुमारे दोन डझनच प्रती माहीत आहेत.

"म्हणजे चित्रकारानं नाक मुरडलं म्हणून?" ती म्हणाली.

हो. चित्रांच्या पुस्तकात चित्रकाराचा शब्द किती चालावा याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. सह्या गोळा करणारे आम्ही लोक मात्र लेखकाच्या सहीमागे धावतो आणि चित्रकाराची असली तर 'हीसुद्धा आहे' म्हणतो.

कॅरल १८७० नंतर बरीच वर्षं जांभळ्या शाईनं लिहीत. माझ्याकडे त्यांची एकही सही नाही. नोंदीसाठी लिहिलं, एवढंच.

२३ फेब्रुवारी

एका विक्रेत्याकडून फोटो आले. 'ल पेती प्रँस', फ्रेंच, पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाची पहिली आवृत्ती, आत लेखक सँतेक्झ्युपेरींची सही. फोटो सुरेख, सहीही सुरेख.

हे पुस्तक आधी निघालं न्यूयॉर्कला, एप्रिल १९४३ मध्ये, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही. सहीच्या प्रती इंग्रजी ५२५, फ्रेंच २६०. त्याच महिन्यात सँतेक्झ्युपेरी जहाजानं उत्तर आफ्रिकेला लढाईवर गेले. ३१ जुलै १९४४ ला विमान घेऊन निघाले ते परतले नाहीत. गालिमारच्या प्रतीवर साल आहे १९४५, आणि ती वाचकांच्या हाती पडली १९४६ मध्ये.

उत्तर लिहायला दोन मिनिटं लागली. नम्रपणे, फक्त दोन तारखा लिहून पाठवल्या. फोटो तासाभरात काढून टाकले गेले.

आता प्रत्येक सहीच्या पानावर एक आडवी रेघ ओढायची पद्धत सुरू केली आहे. रेघेवर तीन खुणा: हे मुद्रण कधीचं, ही शाई किंवा हे पेन कधीपासूनचं, सही करणारा कधीपर्यंतचा. तिन्ही एकमेकांच्या आड आले नाहीत तरच भिंग काढायचं. निम्मं काम रेघच करते.

८ मार्च

जॅकेटांचा आठवडा. कंटाळवाणा, पण इथेच जास्त फसवणूक होते.

मुलांच्या पुस्तकाचं जॅकेट पहिल्या महिन्यातच फाटतं, म्हणून ज्या प्रतीला ते आहे तिचा भाव वेगळा. मग लोक काय करतात, उशिराच्या प्रतीचं जॅकेट काढून आधीच्या प्रतीला घालतात. आम्ही त्याला दत्तक जॅकेट म्हणायला लागलोय. माझ्याकडच्या सेन्डॅकच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'चं तेच निघालं. पुस्तक १९६३ चं. जॅकेटवर कॅल्डिकॉट या चित्रपुस्तकांच्या पदकाचा उल्लेख छापलेला, आणि ते पदक मिळालं १९६४ मध्ये. पदक मिळण्याआधी छापलेल्या जॅकेटवर पदक कसं येईल? सही बरी आहे. शेजारी एक नखाएवढा राक्षस काढलाय, रेघ वेगात गेलेली, कुठे थबकलेली नाही. जॅकेट परकं, बाकी सगळं घरचं.

डॉ. स्यूसच्या पुस्तकांत तर कॉपीराइटच्या पानावर विसंबून चालतच नाही, बरंचसं जॅकेटवरूनच ठरवावं लागतं. 'द कॅट इन द हॅट' १९५७ चं. आधीच्या जॅकेटच्या आतल्या घडीवर '२००/२००' असा किमतीचा आकडा हवा. मागच्या बाजूची इतर पुस्तकांची यादी वाचायची. यादीत पुढच्या सालांची पुस्तकं असली तर जॅकेट त्याच्यानंतरचं, वेगळा पुरावा नको.

आकडा कात्रीनं कापलेला असला तर मी आता घेत नाही. भेट देताना किंमत कापणारे सज्जन असतात हे मान्य. पण कापलेल्या कोपऱ्यामागे काय होतं, ते सांगायला कुणीच उरलेलं नसतं.

एका जॅकेटवर अतिनील दिवा धरला तर ते निळंशार चमकलं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं साधारण १९५० च्या आसपासपासून कागदात सर्रास यायला लागली. हे जॅकेट मिरवतं १९२८ चं साल. भिंगाखाली अक्षरांच्या कडांना फवाऱ्यासारखे रंगीत कण. घरच्या प्रिंटरवर काढलेली प्रत. विकताना कुणी लपवलं होतं असंही नाही. बिलावर बारीक अक्षरात लिहिलेलं आज सापडलं. वाचलं नव्हतं मीच.

त्याच पुस्तकात, 'द हाउस अ‍ॅट पू कॉर्नर'मध्ये, शेपर्डची सही. आडव्या उजेडात पाहिलं तर सहीभोवती एक चौकोन उठून दिसला. चार सेंटिमीटर रुंद कागद, कडा इतक्या घासलेल्या की समोरून कळत नाही. कुठल्याशा पत्राच्या तळची सही कापून चिकटवली आहे. बहुधा सही खरी आहे. पुस्तक खरं आहे. दोघांची गाठ मात्र कात्रीनं घातलेली. 'सही असलेलं पुस्तक' या गटातून काढलं, 'पुस्तक आणि एक सही' असं लिहिलं. ९ राहिली.

२१ मार्च

एरिक कार्ल. 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' १९६९ मध्ये निघालं तेव्हा त्या भोकांच्या आणि कमीजास्त रुंदीच्या पानांचं काम परवडेल असा छापखाना अमेरिकेत मिळेना, म्हणून ते जपानमध्ये छापलं. माझी प्रत बरीच नंतरची. सही आणि सुरवंट दोन्ही रंगीत फेल्ट पेनचे. रेघेवरच्या तिन्ही खुणा नीट. दहा मिनिटांत नोंद संपली.

पहिल्या मुद्रणाची प्रत एकदा एका प्रदर्शनात काचेमागे पाहिली आहे. एकाही भोकाची कड फाटलेली नव्हती. म्हणजे तिच्यात कुणा पोरानं बोट घातलेलंच नव्हतं.

३ एप्रिल

बिअ‍ॅट्रिक्स पॉटर, 'पीटर रॅबिट'. सही नाही म्हणून मागे ठेवलेलं. फाटकं, कण्याला भेग, एका पानावर खडूचे फराटे.

या पुस्तकाची वंशावळ भाचीला पाठ झाली आहे. डिसेंबर १९०१ मध्ये पॉटरनी स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापून घेतल्या, आत काळीपांढरी चित्रं. त्या संपल्यावर फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २००. ऑक्टोबर १९०२ मध्ये वॉर्न कंपनीनं रंगीत काढलं. सुरुवातीच्या मुद्रणांत पीटरच्या रडण्याला 'वेप्ट' हा शब्द आहे, पुढे त्याचा 'शेड' झाला. १९०३ मध्ये रंगीत चित्रांची पोस्तानी घालायची ठरली आणि तिला जागा करायला आतली चार चित्रं गाळली.

आमच्या प्रतीत 'शेड'. पोस्तानी रंगीत. चार चित्रं नाहीत. शीर्षकपानावर साल नाही. तेव्हा 'आद्य आवृत्ती' म्हणण्याजोगं यात काहीच नाही. पाच मिनिटांत मिटायचं काम.

आधीच्या मालकाचं नाव लिहायचा रकाना होता. माझ्या जुन्या डायरीत अकरा वर्षांपूर्वी लिहिलेलं सापडलं: 'पोस्तानीवर कुणा बी. हीलिस बाईंनी एका मुलीला भेट दिल्याचं लिहिलंय, नाताळ १९२५.'

भाचीनं ते मोठ्यानं वाचलं. मग पुस्तक उघडून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

ऑक्टोबर १९१३ मध्ये बिअ‍ॅट्रिक्स पॉटरनी विल्यम हीलिस या वकिलाशी लग्न केलं. त्यानंतर गावात आणि पत्रांखाली त्या बिअ‍ॅट्रिक्स हीलिस. हे मला चांगलं ठाऊक आहे. दहा जणांना मी सांगितलंय. आणि अकरा वर्षं ते नाव 'आधीचा मालक' म्हणून माझ्याच हस्ताक्षरात पडून होतं, कारण सही 'पॉटर' अशीच दिसणार हे मी धरून बसलो होतो.

रात्री झोप आली नाही.

५ एप्रिल

उजेड चांगला होता. घाई करायची नाही असं दोघांनी एकमेकांना बजावलं, कारण आता मनातून दोघांनाही ती सही खरीच हवी होती, आणि असं वाटायला लागलं की डोळे लबाडी करतात.

शाई तपकिरीकडे झुकलेली, रेघेच्या कडेला किंचित पसरलेली, जाड रेघांच्या जागी पानाच्या मागे डाग उतरलेला. खाली येणारी रेघ जाड, वर जाणारी बारीक. निब. अक्षर कुठे थरथरलेलं नाही, मधेच उचलून पुन्हा टेकवल्याच्या खुणा नाहीत. समोरच्या पानावर त्याच ओळींची पुसट, उलटी सावली: शाई पुरती वाळायच्या आत कुणीतरी पुस्तक मिटलं होतं.

खडूचा एक फराटा पोस्तानीवरही आला आहे आणि तो नावातल्या शेवटच्या अक्षरावरून जातो. भिंगाखाली खडूचं मेण शाईच्या वर बसलेलं स्पष्ट दिसतं. म्हणजे आधी लिहिणं, मग खडू. नकली सही करणारा माणूस जुन्या फराट्याच्या खाली शिरून लिहू शकत नाही. अर्थात खडूचा फराटाही कालचा असू शकतो, हे 'शंका' रकान्यात लिहिलं. भाची म्हणाली, इतका मूर्खपणा कोण करेल. तेही लिहिलं.

आडव्या रेघेवर: मुद्रण १९०३ नंतरचं. १९२५ ला निब आणि ही शाई घरोघर. बाई गेल्या १९४३ ला. काही आड येत नाही.

यानं एवढंच सिद्ध होतं की सही खोटी ठरवता आली नाही. दुसऱ्या कुणा हीलिस बाईंनी पुस्तक भेट दिलेलं असू शकतं. आडनाव एकटीचं नव्हतं. पॉटरच्या पत्रांच्या छापील प्रतिकृती मिळवल्या आहेत, त्या वर्षांच्या आसपासच्या. पानाचे फोटो त्यांच्या हस्ताक्षरावर काम केलेल्या एका जाणकाराला पाठवले. मुलीचं नाव झाकून.

२७ एप्रिल

रॅकहॅमचं पुठ्ठं जवळजवळ जागेवर. मापक ४९. कोपरा अजून दोन मिलिमीटर उचललेला आहे, तो तसाच राहील असं दिसतं.

९ मे

उत्तर आलं. फोटोंवरून अक्षर त्या काळातल्या त्यांच्या अक्षराशी जुळतं, नकलेची लक्षणं दिसत नाहीत. पण प्रत्यक्ष पुस्तक हातात घेतल्याशिवाय लेखी मत देणार नाही. असंच उत्तर यायला हवं होतं. फोटोवरून दाखला देणाऱ्याचा दाखला मी घेतलाही नसता.

पुस्तक घेऊन जायचं ठरतंय. त्यासाठी मापाची पेटी केली, आम्लविरहित पुठ्ठ्याची. जॅकेट नाहीच, त्यामुळे पॉलिस्टरचं आवरणही नको.

नोंदवहीत पेच पडला. पहिल्या पानावर मीच मोठ्या अक्षरात लिहिलंय: सहीच्या आद्य आवृत्त्या. हे पुस्तक त्या मथळ्याखाली बसत नाही. मथळा बदलावा असं भाचीचं मत. मी आज 'आद्य' शब्दावर पेन्सिलीची बारीक रेघ मारली, हवी तर पुसता येईल अशी.

मग ती विचारत होती, खडू काढता येतो का. मऊ रबरानं वरचा थर निघतो, थोडा रंग कागदात राहतो. पण काढायचा कशाला? नाताळ १९२५ नंतर केव्हातरी एका पोरीला पीटरचा निळा कोट आवडला नाही आणि तिनं तो लाल केला. दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं:

लाल खडू, दोन ठिकाणी. पोस्तानीवर ३ सेंमी, कोटावर बाहेर न जाता. हात लावायचा नाही.